तारण ठेवलेला पासपोर्ट

सोमाली माणसाला टोपणनाव चिकटलं की ते त्याच्याबरोबर कबरीपर्यंत जातं. फिनलंडहून परत आलेल्या उबहला गावाने पहिल्याच आठवड्यात ‘दोन दारांची’ म्हणून टाकलं. एक दार इथलं, एक तिकडचं. पुढे कित्येक वर्षं तिने गावातल्या बायकांची बाळंतपणं केली, अडलेल्या पोरी सोडवल्या, तरी नाव काही बदललं नाही.

यंदा संसदेतली कुळाच्या वाट्याची जागा रिकामी झाली आणि उबहने ती मागितली. तिला गारोवे शहरापर्यंतचा रस्ता करून हवा होता. पाऊस झाला की तो वाहून जायचा, आणि मोठ्या दवाखान्याकडे निघालेली बाई वाटेतच राहायची. समोर उभा होता तिचा चुलतभाऊ कोशिन. उंटांचा व्यापारी, तोंडाने फटकळ, पण मनाचा वाईट नव्हे.

निवड करायला कुळातले ज्येष्ठ बाभळीखाली चटया टाकून बसले. त्यांच्यात मुख्य होते शिरेकाका, उबहच्या वडिलांचे भाऊ. बोलणी सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंनी काहीतरी मोलाचं ज्येष्ठांपुढे तारण ठेवायचं, ही जुनी रीत. ते त्यांच्या ताब्यात आहे तोवर माणूस बांधलेला. कोशिनने आपल्या लाडक्या सांडणीच्या गळ्यातली लाकडी घंटा ठेवली.

“आणि तुझं काय, पोरी?” शिरेकाकांनी विचारलं.

“ती काय ठेवणार?” कोशिन म्हणाला. “गोळीबार झाला की हिच्यासाठी विमान येतं. आपल्यासाठी येतात ती गिधाडं.”

सगळे हसले. उबहही हसली, कारण बोलणं खोटं नव्हतं. मागे दंगा झाला तेव्हा फिनलंडच्या दूतावासाने विमान पाठवलं होतं आणि ती त्यात बसून गेली होती. शांत झाल्यावर परत आली, पण गेली होती हे खरंच.

“मग तो तिकडचा पासपोर्टच ठेव,” शिरेकाका म्हणाले. “खासदारकीची मुदत संपेपर्यंत माझ्या पेटीत राहील. झालं तिकडचं दार बंद.”

ही युक्ती सगळ्यांना पटली. उबहने पिशवीतून पासपोर्ट काढून चटईवर ठेवला. काकांनी तो आपल्या शालीच्या टोकात बांधून वर दोन गाठी मारल्या. कुणीतरी चहा सांगितला. जागा आता तिलाच मिळणार, हे कोशिनच्या उतरलेल्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. पासपोर्ट पेटीत गेला तरी दूतावासात अर्ज केला की दुसरा मिळतो, हे त्या चटईवर एकट्या उबहला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांसमोर रस्ता आला. मग काकांनी विश्वासाने मारलेल्या त्या गाठींकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“काका, सोडा ती गाठ,” ती म्हणाली. “ही नुसती वही आहे हो. तुम्ही जाळलीत तरी मला दुसरी देतील. याने दार बंद होत नाही.”

“मग कशाने होतं?”

“मी तुमची नाही, असं तिकडच्या सरकारला लिहून द्यावं लागतं.”

“मग दे की लिहून.”

तिची एकुलती एक मुलगी हिबाक तिकडे तुर्कू शहरात होती. सातवा महिना, आणि नवरा सोडून गेलेला. सोमाली पासपोर्टवर व्हिसा मागितला तर तो हाती येईपर्यंत नातवंड चालायला लागलं असतं. गावभरच्या पोरींची बाळंतपणं करायची आणि आपल्याच पोरीला एकटं सोडायचं, हे तिला जमणार नव्हतं.

“नाही देणार,” ती म्हणाली. “माझी हिबाक आहे तिकडे.”

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. शिरेकाकांनी गाठी सोडल्या आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला.

“गप्प राहिली असतीस तर आम्ही तुलाच पाठवणार होतो,” ते म्हणाले. “खरं बोललीस आणि आता पाठवता येत नाही. म्हातारपणी हेही बघायचं होतं.”

जागा कोशिनला गेली.

संध्याकाळी उबहने वेलदोडे घालून चहा उकळत ठेवला होता. चपला दाराशी काढून कोशिन आत आला. आधी उंटांच्या भावावर बोलला, मग वाऱ्यावर.

“रस्त्याचं मी तिथे बोलेन,” तो म्हणाला. “शब्द देतो.”

“बोल बाबा. तुझ्या तोंडाचा कधीतरी उपयोग होऊ दे.”

तो हसला नाही. हातातला पेला नुसता फिरवत बसला.

“ताई,” तो म्हणाला.

उबहने मान वर केली. आजवर त्याने तिला कधी ताई म्हटलं नव्हतं.

“माझा थोरला, मुख्तार. त्याला तिकडे धाडायचं तर काय करावं लागतं गं? तुझ्यासारखा पासपोर्ट मिळायला किती वर्षं जातात?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “इथे काय ठेवलंय त्याच्यासाठी? फक्त एवढं कर, बाभळीखाली कुणाला कळू देऊ नकोस.”

उबहला हसू आलं नाही, रागही आला नाही. त्याच्या पेल्यात तिने आणखी चहा ओतला, उठून दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.