राहिलेला इलाज

बाबांना रक्ताची उलटी झाली ती बुधवारी. त्याआधीचा रविवार मला तासातासानं आठवतो, आणि तरीही त्या दिवशी विशेष काहीच झालं नाही, असं मी नंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

एकोणीसशे सहासष्टचा फेब्रुवारी होता. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि महिन्यातून एकदा अकोल्याला घरी यायचे. त्या रविवारी सकाळी माय अंगणातल्या चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होती. बाबा त्यांच्या दारावर उन्हात पडले होते. दार म्हणजे खरोखरचं दार. पाठीला मार लागल्यावर दवाखान्यात त्यांना कडक फळीवर निजायला सांगितलं होतं, तेव्हा ते काम करायचे त्या कापसाच्या जिनातल्या एका पाडलेल्या खोलीचं सागवानी दार त्यांनी मागून आणलं. कडी काढून टाकलेली, तिची भोकं मात्र तशीच. रात्री ते दार घरात आणि दिवसा अंगणात, विटांवर.

जिनातले त्यांचे जुने सोबती पुंजाजीकाका फाटकातूनच ओरडले, "काय देवमन, दार लावेल हाय का उघडं हाय?"

नऊ वर्षं ते येताना हेच विचारायचे.

"वाजवून पाह्य," बाबा म्हणाले. हेही नऊ वर्षांचंच.

"अमरावतीचा डॉक्टर काय म्हने मंग?"

मागच्याच महिन्यात मी बाबांना अमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी पाठीचा फोटो काढला, उजेडावर धरून बराच वेळ पाहिला आणि सांगितलं की आता यात करण्यासारखं काही उरलेलं नाही, दुखण्याशी जमवून घ्या.

"जमवून घ्या म्हने," बाबा म्हणाले. "बायकोसंग तीस वर्सांत जमलं नाई, पाठीसंग कवा जमाव?"

"पाठीनं सोसलं नसन येवढं म्या सोसलं," माय चुलीपासून म्हणाली.

काका हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "म्हंजे आता इलाज खतम?"

"नाई," बाबा म्हणाले. "एक राह्यला हाय अजून."

"कोनता?"

"सांगन कधी."

हेही ते नेहमीच म्हणत. एकेक इलाज संपला की हसून म्हणत, एक राह्यला हाय अजून. मला ती थट्टा वाटायची.

मार लागला तो सत्तावनच्या जानेवारीत. छप्पनच्या दसऱ्याला बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव नदीत सोडून तीन महिने झाले होते. जिनात हंगाम जोरात होता. थप्पीवरून रुईची दाबलेली गाठ सुटली आणि खाली वाकलेल्या बाबांच्या कमरेला घासून गेली. अंगावर बसली असती तर तिथंच संपलं असतं. नातेवाईक तेव्हा म्हणाले, देव सोडले त्याचं फळ. बाबा म्हणाले, "देवानं टाकली असती तं नेम बराबर लागला असता."

मग नऊ वर्षं आम्ही इलाज करत राहिलो. सहा आठवडे छातीपासून मांडीपर्यंत प्लास्टर. बाळापूरच्या हाडवैद्यानं पाठीत गुडघा रोवून दोन्ही खांदे मागं ओढले, त्यानंतर महिनाभर बाबांना धड बसता येईना. मूर्तिजापूरकडच्या एका म्हातारीनं तापवलेल्या विळ्यानं कमरेवर पाच डाग दिले. ते भरून आले, दुखणं तसंच राहिलं. चामड्याचा पट्टा झाला, बिब्ब्याचं तेल झालं, गरम विटेचा शेक तर रोजचाच. गंडा, अंगारा आणि नवस यांना मात्र घरात थारा नव्हता. "देवाच्या नावाचं नको, बाकी जहर आना," ते म्हणत. जिनवाल्यांनी त्यांना फाटकावर चौकीदार केलं, तिथं दिवसभर उभं राहावं लागे. संध्याकाळी ते भिंतीला हात लावत लावत घरी येत आणि दुखणं दाबणाऱ्या एपीसीच्या दोन गोळ्या घेत. गोळ्या दुकानात सुट्या मिळत. तेवढ्या एका इलाजानं दोन-तीन तास बरे जात.

एक गोष्ट घरातच होती, आणि तिचं नाव कुणी काढायचं नाही असा बाबांचा हुकूम होता. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय डोक्याआधी बाहेर आले. पाठीत उसण भरली की पायाळू माणसानं पाय लावावा, उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. बाळापूरजवळच्या आमच्या गावात पाच वर्षांची असल्यापासून लोक मला बोलावून नेत. माणूस पालथा पडायचा आणि मी उजवा पाय त्याच्या पाठीला तीनदा लावायची. मग तो उठून कंबर हलवून बघायचा आणि म्हणायचा, उतरली. नाही उतरली असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मूठभर भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या, आणि मला वाटायचं, आपल्या पायात खरंच काहीतरी आहे.

मी आठ वर्षांची असताना खुशालरावांचं बोलावणं आलं. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची. त्यांच्या विहिरीच्या काठालाही आम्ही जायचं नाही. बाबा मला घेऊन गेले. खुशालराव गोठ्यात पोत्यावर पालथे पडले होते. मी तीनदा पाय लावला. ते उठले, सरळ उभे राहिले आणि खुशीत म्हणाले, "उतरली रे देवमन!" आणि त्याच दमात पाणी मागवलं. घागरभर पाणी कपड्यांसकट अंगावर ओतून घेतलं. माझा पाय लागला होता ना. ते पाणी वाहत माझ्या पायांपर्यंत आलं. त्यांच्या बायकोनं मी उभी होते तिथं गोमूत्र शिंपडलं आणि वरून माझ्या हातात गुळाचा खडा टाकला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दावणीच्या बैलाच्या तोंडात दिला.

वाटेत ते एवढंच बोलले, "आजपासून तुहे पाय चालाच्याच कामाचे. शायेत चालत जायचं." पुढच्या वर्षी आम्ही अकोल्याला आलो.

म्हणून मार लागल्यावर मायनं जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तेव्हा ते तिच्यावर भडकले. ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "पोरगी घरात अन् तुमी दुनिया धुंडून राह्यले." बाबा म्हणायचे, "अन् मंग तू गोमूत्र शिंपडशीन का?" मी पुस्तकात डोकं घालून बसायची.

त्या रविवारी दुपारी माय धुणं घेऊन नदीवर गेली. ऊन चढलं म्हणून दार आत आणलं होतं. मी वह्या तपासत बसले होते.

"इंदू, माय गेली ना?"

"हो."

बाबा पालथे व्हायला लागले. एका कुशीवरून पालथं व्हायला त्यांना किती वेळ लागतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. मध्ये दोनदा थांबले. मग कपाळ लाकडावर टेकवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय लाव."

मला कळलं नाही.

"तीन डाव. जसा लावत होती तसा. कोनाले सांगू नको."

राहिलेला इलाज कोणता ते मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता. सदरा वर सरकला होता, कमरेवरचे पाच डाग दिसत होते. मी उठले. दोन पावलं गेलेसुद्धा. आणि तिथं उभी राहून मी बोलायला लागले. शाळेत बोलते तसं.

"बाबा, याला काही आधार नाही. पाय लावून मणका जागेवर येत नाही. तुम्हीच मला हे शिकवलंत. तुम्ही दीक्षा घेतलेला माणूस, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर मी वर्गात मुलींना काय सांगू?"

मग त्यांचे खांदे हलले. हसत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पाहून राह्यलो होतो, पक्की झाली का नाई. झाली. मास्तरीन शोभते."

मी हसले. परीक्षाच होती असं मानणं मला सोयीचं होतं. ते परत कुशीवर वळले, तेवढाच वेळ लागला. गोळ्यांचा डबा मागितला. नेहमी दोन घ्यायचे, त्या दिवशी चार घेतल्या. पाणी मीच दिलं. संध्याकाळच्या गाडीनं मी बडनेऱ्यावरून अमरावतीला परतले.

तार आली. मी गुरुवारी सकाळी अकोल्याच्या दवाखान्यात पोचले. पोटात जखम झाली होती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, कसल्या गोळ्या घ्यायचे, किती? मायला माहीत नव्हतं. पुंजाजीकाकांनी घरून डबा आणला. रविवारी त्यात तळ दिसत नव्हता. आता तीन गोळ्या उरल्या होत्या.

बाबा शुद्धीवर होते. लोखंडी खाटेची जाळी खाली झोळीसारखी झाली होती, तिनं त्यांची पाठ मोडत होती. रक्ताबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणत राहिले, "माहं दार आन." काका धावले. ते दार डोक्यावर घेऊन दवाखान्याच्या फाटकातून आत आले, तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्रिसरण-पंचशील झालं. बाया मायजवळ बसायला येत आणि माय प्रत्येकीला तेच सांगे. "जिद्दीनं गेला मानूस. पोरगी पायाळू, घरात. एक डाव तोंडानं म्हनला असता तं काय झालं असतं? पन नाई. मोडला, पन वाकला नाई." बाया माना हलवत. पुंजाजीकाकाही म्हणाले, "ताठ मानूस होता." मी चहा देत होते. मला फक्त रविवारचं सांगून टाकायचं होतं, आणि मी कप गोळा करत राहिले.

मणक्यांवरचं एक पुस्तक मी शाळेच्या ग्रंथालयातून मागंच वाचलं होतं. मणका सरकतो, नस दाबली जाते. पाय लावून ती सुटत नाही. यातलं मला रविवारीही सगळं माहीत होतं. आणि आठ वर्षांची जी मुलगी अजून माझ्यात कुठंतरी पालथ्या माणसांच्या पाठीला पाय लावत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी दोन पावलं पुढं गेली ती मुलगी, आणि मी थांबलेही तिच्याचमुळे.

आठव्या दिवशी आम्ही दोघीच होतो. माय तुरीच्या वाळलेल्या शेंगा सोलत होती. दार भिंतीला उभं होतं.

"हे पुंजाजीले देऊन टाकू," ती म्हणाली. "त्याचीबी कंबर धरते आता." मग दाराकडे बघत म्हणाली, "पाह्य ना, येवढा हट्ट. सोताच्या पोरीले नाई म्हनता आलं. मी तं म्हनते, मेल्यावरबी राग येते मले त्याचा."

"माय," मी म्हणाले, "त्यायनं म्हटलं होतं."

तिनं वर पाहिलं.

"रविवारी. तू नदीवर गेली तवा. पालथे झाले अन् म्हनले, पाय लाव. मी नाई लावला."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काहून?"

"मी म्हटलं, याले आधार नाई. पन ते कारन नोहतं. आधार नाई हे त्यायलेबी माहीत होतं. मले भेव लागलं, माय. पाय लावला असता अन् नाई उतरलं, तं मंग त्यायच्यापाशी काईच राह्यलं नसतं. अन् नाई उतरलं म्हननारं पह्यलं मानूस माहा बाप असता. ते मले आयकाचं नोहतं. त्यायचा हट्ट नोहता तो. मी भेली, म्हनून त्यायले तसंच पालथं ठेवलं."