दोन खुर्च्यांमधला हात

मी एक हात बोलतोय. दचकू नका, कापलेला वगैरे नाही. खुर्चीचा हात. तुम्ही चित्रपटगृहात जाता, अंधारात चाचपडत आपली जागा शोधता आणि बसल्या बसल्या ज्याच्यावर कोपर टेकता ना, तो मी. माझ्याकडे कधी कुणी नीट पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण एक गोष्ट अशी घडलीय की ती फक्त मला माहीत आहे, आणि ती काही केल्या माझ्या पोटात राहत नाहीये.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. लाकूड चांगलं होतं, रंधा मारताना तो खुशीत शीळ घालायचा. मालक मात्र हात आखडता घेणारा. म्हणाला, प्रत्येक खुर्चीला दोन-दोन हात कशाला? दोघांत मिळून एक पुरे.

"अहो मालक, लोक भांडतील," सुतार म्हणाला.

"भांडू देत की. तिकीट काढूनच भांडणार ना?"

म्हणजे बघा, मी जन्मालाच भांडणाचं कारण म्हणून आलो.

मागून तिसरी रांग, वाटेच्या कडेच्या पहिल्या दोन खुर्च्या, त्यांच्या मधे मी. समोर पुढच्या खुर्चीची पाठ. उभं आयुष्य चित्रपटगृहात गेलं, पण पडदा काही दिसला नाही. चित्रपट मी ऐकतो, आणि उरलेला लोकांच्या हातांवरून ओळखतो. भीतीच्या प्रसंगाला नखं रुततात. कंटाळा आला की बोटं ताल धरतात. प्रेमाच्या प्रसंगाला एका हातावर दुसरा हात हळूच येऊन बसतो आणि दिवे लागले की दोन्ही असे पळतात, जणू मीच चावलो. च्युइंगम मात्र सगळे माझ्याच खाली चिकटवतात. चांगले शिकलेसवरलेले लोकसुद्धा. असो.

माझ्या वाट्याला खरे दोघंच आले. एक वर्तमानपत्रात चित्रपटांचं परीक्षण लिहायचा. त्याला मी लेखकराव म्हणतो. दुसरा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, दातांचा डॉक्टर. तो माझा दातवाला. पहिल्यांदा आले तेव्हा दोघांच्याही मिशा कोवळ्या होत्या. बसल्या क्षणी दोन्ही कोपरं एकदम माझ्यावर आदळली.

"काढ ना हात, गाढवा."

"तू काढ. मी लिहिणारा आहे, मला आराम लागतो."

"लिहितोस डोंबल. मध्यंतरापर्यंत माझा, नंतर तुझा. ठरलं?"

ठरलं कसलं! इतक्या वर्षांत तो करार एकदाही पाळला गेला नाही. माझ्या पुढच्या टोकाचं पॉलिश उडून खालचं लाकूड उघडं पडलंय ना, ती या दोघांची करणी. मी मनात म्हणायचो, कटकट आहे नुसती, जरा शांत बसायला काय घ्याल? काय बोलून गेलो मी तेव्हा!

दातवाल्याला गप्प बसवत नसे. त्याचं सगळं लक्ष नटांच्या दातांवर. "अवकाशात तीस वर्षं एकटा आहे म्हणे, आणि दाढा बघ कशा चकाचक!" मग आजूबाजूचे लोक शू-शू करायचे. शेवटी दोघांनी खूण ठरवली. कोपराचा एक ठोसा म्हणजे हे फालतू आहे. लागोपाठ दोन ठोसे म्हणजे हे महत्त्वाचं आहे, हे लिही. ठोसे माझ्यावरूनच जायचे, म्हणून मला सगळे पाठ आहेत. परीक्षण लेखकरावांच्या नावाने छापून यायचं, पण त्यातली निम्मी अक्कल दातवाल्याच्या कोपरातली होती. हे लेखकरावही मान्य करायचे. त्याच्या तोंडावर मात्र कधी नाही.

आता त्या चित्रपटाबद्दल सांगतो. अवकाशातल्या दोन मित्रांची गोष्ट होती. पहिला भाग नुसती धमाल. एकाच यानात दोघं, एकमेकांची टिंगल करत ग्रहामागून ग्रह पालथे घालतात. मग काही वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात एक मित्र दुसऱ्या यानातून फार लांबच्या कामगिरीवर निघतो. रोज दोघं बोलतात. एक विचारतो, "जेवलास का?" दुसरा म्हणतो, "जेवलो. तू?" पण यान लांब जाईल तसं उत्तर यायला वेळ लागायला लागतो. आधी घटकाभर, मग दिवस, मग महिने. नंतर काहीच नाही. इकडचा मित्र म्हातारा होतो. रोज तेच विचारतो आणि यंत्राजवळ बसून राहतो. सगळे म्हणतात, सोड आता. आणि अगदी शेवटी खरखर होते, आणि कधीच्या काळी निघालेला तो आवाज येतो. "जेवलो. तू?"

बस, संपला चित्रपट.

त्या दिवशी सगळं चित्रपटगृह चिडीचूप होतं. माझ्यावर मात्र धाडधाड दोन ठोसे पडले. दातवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे लिही, गाढवा." लेखकरावांनी लिहिलं, शेजारच्या रडणाऱ्या दोस्तासकट. ते परीक्षण लोकांना फार आवडलं. लोक त्या खुर्च्यांपाशी येऊन विचारायचे, तुम्हीच का ते? दातवाला छाती फुगवून म्हणायचा, "लिहिणारे हे, रडणारा मी."

दिवस असेच जायला हवे होते. पण गेल्या काही वर्षांत दातवाला भलत्याच जागी हसायला लागला. एकदा मध्यंतरात त्याने विचारलं, "आपण कुठे आलोय रे?" लेखकरावांना वाटलं, चेष्टा करतोय. पण मला त्याचा हात लागत होता. तो हात चेष्टेचा नव्हता, घाबरलेला होता. मला कळलं, पण मी सांगू कुणाला?

मग तो यायचाच थांबला. लेखकराव एकटे यायचे. दारावरच्या तिकीट फाडणाऱ्याला त्यांनीच सांगितलं, विसरायचा आजार आहे, आता बायकोचंही नाव चुकतो. एकटे बसले तरी लेखकराव कोपर माझ्या अर्ध्याच बाजूवर ठेवायचे. उरलेला अर्धा मोकळा. शेजारी कुणी परका बसला आणि त्याने तिथे हात ठेवला, की लेखकराव त्याच्याकडे असे बघायचे, की बिचारा हात काढून घ्यायचा.

परवा तो जुना दुसरा भाग धुऊनपुसून पुन्हा लागला. वर्तमानपत्राने लेखकरावांना सांगितलं, आज पाहून काय वाटतं ते लिहा. आणि रविवारी दुपारच्या खेळाला ते दातवाल्याला घेऊनच आले. सोबत दातवाल्याची बायको, म्हणजे लेखकरावांच्या वहिनी. लेखकराव वाटेच्या कडेला, मधे दातवाला, पलीकडे वहिनी.

दिवे जायच्या आधी लेखकराव वाकून वहिनींना म्हणाले, "वहिनी, मला बाकी काही नको. नाव नको, गाव नको. एक कोपर मारलंन् ना मला, तरी बास."

"मलाही तेच वाटतंय हो," वहिनी म्हणाल्या. "पण फार आशा नका धरू."

मी अगदी सावध होऊन बसलो. म्हणजे बसलेलाच असतो, पण समजा तसं.

अंधार झाला. दातवाल्याचा हात माझ्यावर आला. किती हलका झाला होता! मग पलीकडून लेखकरावांचं कोपर आलं, मुद्दाम, जुन्या पद्धतीने ढकलत. मी म्हटलं, आता लागणार. आता शिवी येणार.

दातवाल्याने झटकन हात काढून घेतला आणि आदबीने म्हणाला, "माफ करा हं. ठेवा, तुम्ही ठेवा ना."

तुम्ही! ज्याला आयुष्यभर गाढवाखेरीज हाक मारली नाही, त्याला तुम्ही. माझं लाकूड गार पडलं.

"अरे, तुझाच आहे हा हात," लेखकराव म्हणाले. "मध्यंतरापर्यंत तुझाच."

"नको, नको. मला इथे बरं आहे."

लेखकरावांनी हार मानली नाही. चित्रपटभर ते कोपर सरकवत राहिले, चिमटे काढून पाहिले, "दाढा बघ त्याच्या," म्हणाले. दातवाला दर वेळी अंग चोरून हसायचा, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसा. दोन्ही हात मांडीवर घडी घालून. चांगल्या घरातला शहाणा मुलगा जणू. त्या दोघांनी शांत बसावं असं मला वाटायचं ना? घ्या, बसले शांत.

शेवट जवळ आला, तसा लेखकरावांचा श्वास अडखळायला लागला. दातवाल्याच्या ते लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी मागवू का?"

लेखकराव ताडकन उठले. "आलोच," एवढं म्हणाले आणि बाहेर गेले. वहिनींचा तिकडे डोळा लागला होता. रात्र रात्र त्याला सांभाळणारी बाई ती, अंधारात जरा टेकली आणि झोपली. कुणाला दोष द्यायचा?

आणि पडद्यावर खरखर झाली. "जेवलो. तू?"

तेव्हा तो हात आला. हलका नाही, जुनाच, जड. पॉलिश उडालेल्या जागी बरोब्बर येऊन टेकला, माझ्यावरून पलीकडे सरकला आणि त्याने दोन ठोसे मारले. रिकाम्या खुर्चीच्या हवेत. "हे लिही, गाढवा," दातवाला म्हणाला. आवाजही तोच, घोगरा.

पलीकडे कुणी नव्हतं. त्याने मान वळवून पाहिलं. हात तसाच पुढे धरून थोडा वेळ वाट पाहिली. मी काय करणार होतो? नावाला हात, पण कुणाला धरता येत नाही, थांबवता येत नाही. मी जिवाच्या आकांताने त्याला म्हणत होतो, अरे थांब, येईल तो, तोंडावर पाणी मारायला गेलाय, आत्ता येईल. मग तो हात सैल पडला आणि परत मांडीवर गेला.

लेखकराव आले तेव्हा दिवे लागले होते. "काही बोलला का?"

वहिनी दचकून जाग्या झाल्या. "नाही हो. शांत होता."

दातवाला उभा राहिला आणि लेखकरावांना नमस्कार करून म्हणाला, "छान झाली तुमची भेट."

दुसऱ्या दिवशी लेखकराव एकटेच आले. खेळाला वेळ होता, सगळं रिकामं. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनमध्ये बोलूनच परीक्षण सांगितलं. "हा चित्रपट मला एकेकाळी फार आवडला होता. आज तो खोटा वाटला. यात शेवटी उत्तर येतं. माणसांच्या जगात उत्तर येत नाही. दिग्दर्शकाने आपल्याला गोड फसवलं आहे."

मी करकरलो. माझा एक स्क्रू ढिला आहे, जोर लावला तर तेवढं जमतं. जीव खाऊन करकरलो. येतं हो उत्तर! आलं होतं! खोडा ते वाक्य!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहिनींना फोन लावला. "वहिनी, पुढच्या रविवारी नको. आणि आता मी घरीही नाही येत. परका माणूस समोर बसला की तो किती अवघडतो, पाहिलं ना मी. कशाला छळायचं त्याला?"

जाताना दारावरच्या माणसाला सांगून गेले, "त्या खुर्चीला जरा तेल घाला. फार करकरते."

घातलं. स्क्रूसुद्धा पिळला. होती नव्हती तेवढी वाचाही गेली.

सगळे माझ्यावर हात टेकतात. मी कुणावर टेकू? म्हणून तुम्हाला सांगतोय. मागून तिसऱ्या रांगेत कधी बसलात आणि शेजारी एक पिकल्या केसांचा माणूस खुर्चीचा अर्धा हात मोकळा सोडून बसलेला दिसला, तर एवढं करा. तुम्हाला खरे हात आहेत. त्याला जोरात दोन कोपरं मारा आणि म्हणा, "हे लिही, गाढवा." रागावला तर रागावू द्या. मग सांगा त्याला, तो बाहेर गेला होता तेव्हा काय झालं ते.