काठवटीतला पूर

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, माझं बोलणं तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दुधना नदीचा अख्खा पूर मी पोटात घेतला आहे. विश्वास नसेल तर उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या सगुणाबाईला विचारा. जन्मभर तिने माझ्यात भाकरीचं पीठ मळलं. तिला माझी भाषा कळते.

मी बाभळीची. बुडाला उपजत एक चीर. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली असतील, परतूरच्या अलीकडच्या आमच्या गावाला पुराने वेढलं. नदीपलीकडच्या वस्तीवरची माणसं आणायला निघालेल्या सगळ्या बैलगाड्या एकाच उतारावर गाळात फसल्या. त्याच वस्तीवर सगुणाबाईची लेक नंदा दिलेली. ती कशीबशी वाचली.

पुढच्या उन्हाळ्यात गिरिधर मास्तर दारी आले. "आक्का, काठवट द्या. पूर यायच्या आधी आपणच एकदा आणून बघू."

त्यांनी माझ्यात नदीची वाळू भरली. बोटाने वाटा ओढल्या. चिंचोके म्हणजे गाड्या, जवारीचे दाणे म्हणजे माणसं. मग तांब्याने पूर सोडला.

"मास्तर, तुमच्या पुरानं माझं सारवण गेलं," सगुणाबाई म्हणाली. "आन् ह्यो दाना माझी नंदी. तिला आधी काढा."

उन्हाळाभर माझ्यात पूर येत राहिला. कधी दाणे बुडाले, कधी चिंचोके. शेवटी श्रीपती गाडीवानाला वाट गवसली. "निम्म्या गाड्या वरच्या अंगानं घालू. पाणी चढायच्या आत वस्ती बराबर रिकामी करतो."

परतूरची माणसं मला बघायला आली. सगुणाबाईने मला हळदकुंकू लावलं. मी फुगले, ओलं लाकूड फुगतंच.

पूर आला तो पोळ्याच्या दिवशी. बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून उभे. आज त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नसतं. हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की खेळात कुणी बोललंच नव्हतं. चिंचोक्यांना सण नसतो.

"श्रीपती, माणसं बुडतील," मास्तर म्हणाले.

"बैलाला आज जू लावू? सात पिढ्यांत कुणी लावलं न्हाई."

तो बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "पाप मला लागू द्या," आणि गाडी जुंपली. तोवर वरची वाटही पाण्याखाली गेली होती.

तेव्हा मित्रांनो, मी उडी घेतली. लाटांवर तरंगत वस्तीवर गेले, नंदाला पोटात बसवलं आणि अलीकडच्या काठाला आणून सोडलं.

आता मी परसात पडून असते. कोंबड्या माझ्यात पाणी पितात. पाऊस साचला की चिरेतून जवारीचा एक दाणा वर येतो. किती वेळा काढून टाकला, तरी येतो. म्हणून सांगते, जुनं लाकूड चुलीत घालू नका. पूर आधी खेळून बघा, आणि खेळताना सण धरायला विसरू नका. मी नसते, तर नंदा...

"झूट बोलून राह्यली ही," उंबऱ्यावरून सगुणाबाई म्हणाली. "त्या रोजी तू माझ्यापुढं व्हतीस, वाळू भरून. नंदीचा दाना तेवढा म्याच उचलून अलीकडं ठेवल्ता."