खिडकीखाली बघा

टेबलावरून पडलेला छर्रा आधी दोनदा उडाला, मग क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि कुणी हलकेच बोट लावावं तसा डाव्या हाताच्या, खिडकीकडच्या भिंतीच्या दिशेने निघाला. घाई नव्हती त्याला. वाटेत फरशीच्या सांध्यात जरासा अडखळला, पण वळला नाही. भिंतीशी पोचल्यावर टक् असा बारीक आवाज आला. तिथे आधीच दोन स्क्रू, एक वॉशर आणि पेनाचं टोपण येऊन पडलेलं होतं.

"बाई, बेअरिंगचा छर्रा गेला कुठे?" सगळे जिला टेस्टर म्हणत त्या मुलीने टेबलाखालून विचारलं.

"खिडकीखाली बघ," भौतिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या.

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. रोबोटच्या चमूला मागच्या इमारतीतली जुनी प्रयोगशाळा मिळाली होती, आणि त्या खोलीचा हा रिवाजच पडून गेला. काही हरवलं की शोधत बसायचं नाही, खिडकीखाली बघायचं. पुढे पुढे तर शास्त्रीबुवाने तिथे एक उथळ डबा ठेवून दिला.

शास्त्रीबुवा म्हणजे प्रोग्राम लिहिणारा मुलगा. स्पर्धेचं अख्खं नियमपुस्तक त्याला पाठ होतं आणि विचारलं नाही तरी तो म्हणून दाखवायचा. टेस्टर ही वायरिंग करणारी मुलगी. वीज तपासायचा टेस्टर ती सुताराच्या पेन्सिलीसारखा कानावर खोचून फिरायची. आणखीही मुलं यायची-जायची, पण रोज कुलूप लागेपर्यंत थांबणारे तिघंच. तिसरी होती बाईंची भाची.

भाची त्याच वर्षी बाईंकडे राहायला आली होती. आदल्या वर्षी तिचं शाळेत जाणं हळूहळू बंद पडलं होतं. कुणाला सांगता येईल असं कारण नव्हतं. सकाळी दप्तर भरायची, बूट घालायची, दाराशी येऊन उभी राहायची आणि मग बूट काढून परत पांघरुणात शिरायची. तिची आई, म्हणजे बाईंची बहीण, फोनवर रडली होती. "तुझ्याकडे पाठवते. कशात तरी गुंतव तिला. माझी तर मतीच चालत नाही आता."

बाईंनी तिला गुंतवलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात रोबोटचा रिमोट दिला आणि तो त्या हातात असा बसला की जणू तिथलाच होता. महिनाभरात भाची ताटात वाढलेलं संपवू लागली. जेवताना बोलू लागली. "मावशी, आज कडी पहिल्या फटक्यात खांबावर गेली." घरी मावशी, शाळेत बाई, हे तिने आपणहून पाळलं होतं.

तरी बाई रोज सकाळी स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या असायच्या. आधी एक बूट, मग दुसरा, मग दार. दार उघडल्याचा आवाज आला की त्या गॅस बंद करायच्या.

स्पर्धेचा खेळ तसा साधा होता. चौकोनी मैदानावर रबरी कड्या पसरलेल्या. आधी थोडा वेळ रोबोटने आपल्याआपण चालायचं, मग चालवणाऱ्याने रिमोट हातात घेऊन कड्या उचलायच्या आणि खांबांवर चढवायच्या. चालवणाऱ्याला सगळे सारथी म्हणायचे. या चमूच्या रोबोटच्या चाकांवर बारीक आडव्या रुळ्या होत्या, त्यामुळे तो पुढे-मागे तर जायचाच, पण बाजूलाही सरकायचा. म्हणून त्याचं नाव खेकडा.

खेकड्याला एक खोड होती. सरळ जा म्हटलं की तो डावीकडे झुकायचा. थोडासाच, पण झुकायचा.

"डावी मोटर मंद आहे," शास्त्रीबुवा म्हणाला. मोटर बदलली. खेकडा झुकला. टेस्टरने चाकं उजवीची डावीला केली. तरी झुकला. बॅटरी मधोमध आणली, वजन तोललं, एकेक रुळी सोडवून तेल दिलं.

"ह्याला दृष्ट लागली असेल," टेस्टर म्हणाली.

"नियमपुस्तकात दृष्टीबद्दल काही नाही," शास्त्रीबुवा म्हणाला.

"मग तुझ्या प्रोग्रामला लागली असेल. तो तरी कुठे सरळ आहे."

शेवटी त्याने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. आपल्याआपण सरळ जायचं असेल तेव्हा खेकड्याला मनातल्या मनात जरा उजवीकडे जायला सांगायचं. तो रेषेत धावला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाचीला अशी ओळ लागलीच नाही. तिचा अंगठा केव्हापासूनच रिमोटच्या दांडीवर जरा उजवीकडे रेलत होता, आणि तो रेलतोय हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र रेंगाळली. सारथी कोण, हे चाचणी घेऊन ठरवायचं असं सुरुवातीलाच सगळ्यांसमोर ठरलं होतं. भाचीला रिमोट दिला होता तो तेवढ्यापुरता.

"बाई, चाचणी कधी?" शास्त्रीबुवाने सहामाही परीक्षेआधी विचारलं.

"परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. "बाई, ते चाचणीचं..."

"कड्या उचलायचा पंजा नीट बसू दे आधी. मग बघू."

पंजा बसला. बाईंचं बघू काही संपलं नाही. टेस्टरने कधी विचारलं नाही, आणि तेच बाईंना जास्त लागायचं. प्रयोगशाळेत आखलेल्या मैदानावर भाची असायची म्हणून टेस्टर जुन्या सांगाड्याला चाकं लावून तो नव्या इमारतीच्या व्हरांड्यात फिरवायची. बाई वर्गावर जाता-येता बघायच्या. टेस्टरचा हात धीमा होता, पण चुकला तरी बिथरत नसे. भाचीचा हात सुरेख होता, आणि एक कडी निसटली की पुढच्या तिन्ही निसटायच्या. बाईंना हे दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच त्या चाचणी घेत नव्हत्या.

फोनवर बहीण दर वेळी आधी तेच विचारायची. "चालवते ना अजून?"

"चालवते की."

"तेवढं बंद पडू देऊ नकोस गं. तुझ्या जिवावर आहे ती."

फोन ठेवल्यावर बाईंच्या मनात एकच यायचं. एका प्लास्टिकच्या रिमोटवर आपण पोरीला उभी केली आहे. तो काढून घेतला तर? उद्या सकाळी दुसरा बूट वाजलाच नाही तर?

हिवाळ्यात शेजारच्या शाळेचा चमू सरावासाठी आला. त्यांचा रोबोट देखणा होता, पण मैदानावर उतरला आणि खिडकीकडे वाहवत गेला. त्यांचे सर डोकं खाजवत राहिले. "आमच्याकडे तर सुतासारखा चालतो हो."

"सगळे असंच म्हणतात," शास्त्रीबुवा हळूच म्हणाला, आणि टेस्टरने त्याला कोपर मारलं. भाचीने त्यांना धुऊन काढलं. त्याच सामन्याची चित्रफीत पाठवून चमूची मोठ्या स्पर्धेत निवड झाली, आणि त्यानंतर चाचणीचं नाव काढणं म्हणजे अपशकुनच झाला.

स्पर्धेचं सभागृह एवढं मोठं होतं की लाउडस्पीकरवरचा आवाज एकदा ऐकू यायचा आणि मग मागच्या भिंतीवरून पुन्हा. चमूंना एकेक टेबल दिलेलं. भाचीने सकाळपासून पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नव्हतं. बाई तिच्याकडे बघत नसल्यासारखं करून बघत होत्या.

पहिल्या सामन्यात खेकडा आपल्याआपण निघाला आणि उजवीकडे तिरपा जाऊन कठड्याला धडकला. भाचीने रिमोट घेतला, सावरलं, कडी उचलली, खांबाकडे नेली. कडी खांबाच्या उजव्या अंगाला घासून खाली पडली. दुसरीही तशीच. हरले.

"उजवी मोटर," शास्त्रीबुवा म्हणाला. टेस्टरने मोटर तपासली. ठणठणीत होती.

दुसऱ्या सामन्यात आणखी वाईट. आपण उजवीकडे जातोय हे भाचीला दिसत होतं, म्हणून ती डावीकडे ओढायची. मग जास्त ओढलं जायचं, की अंगठा आपसूक परत उजवीकडे. मैदानाच्या मधोमध खेकडा दारू प्यायल्यासारखा डुलत राहिला. प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं. भाचीने रिमोट टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात काखेत धरले. तिला थंडी वाजत असावी तसे.

एकच सामना उरला होता. तो जिंकला तर पुढची फेरी, नाहीतर खेकडा डब्यात बंद आणि घरी.

टेस्टर घाईघाईने चाक उघडत होती. तिच्या बोटांतून एक छर्रा निसटला, टेबलावरून उडाला आणि खाली गेला. तिघंही एकदम डावीकडे वळली. शास्त्रीबुवा वाकून थेट डावीकडच्या टेबलाखाली शिरला. भाचीही त्याच बाजूला बघत होती. बाईसुद्धा.

"अरे इथे आहे," टेस्टर म्हणाली. छर्रा तिच्या पायाशी होता. जिथे पडला होता, तिथेच.

बाईंनी तो उचलला, पुन्हा फरशीवर ठेवला आणि हात काढून घेतला. छर्रा हलला नाही. त्यांनी तो वीतभर पलीकडे ठेवला. तिथेही नाही.

शास्त्रीबुवा टेबलाखालून बाहेर आला आणि गुडघ्यांवर बसूनच बघत राहिला. मग त्याने कपाळावर हात मारला. "बाई. आपली खोली उतरती आहे."

"हो," बाई म्हणाल्या. उतरत्या पाटावरून गोळा कसा घरंगळतो, हा धडा त्या दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होत्या. आणि वर्षभर पोरांना सांगत होत्या, खिडकीखाली बघा.

"मोटर बिचारी फुकट बदलली आपण," टेस्टर म्हणाली.

"ती ओळ काढतो मी," म्हणत शास्त्रीबुवाने लॅपटॉप ओढला. बोलता बोलता काढलीही. "झालं. आता आपल्याआपण सरळ जाईल." मग त्याचे हात थांबले. त्याने भाचीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि पडद्यावर काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घातली.

ओळ पुसता आली होती. अंगठ्याची सवय पुसता येत नव्हती. आणि व्हरांड्यातली फरशी नवी होती, सपाट होती. वर्षभर त्या फरशीवर सांगाडा फिरवणारी मुलगी समोर चाक घट्ट करत बसली होती आणि मान वर करत नव्हती.

लाउडस्पीकरवर पुढच्या चमूंची नावं पुकारली गेली. त्यांचं नाव होतं. भिंतीवरून ते पुन्हा ऐकू आलं.

आता बोलायला हवं, असं बाईंना वाटलं, आणि त्याच क्षणी डोळ्यांसमोर दाराशी काढून ठेवलेले बूट आले, एकावर एक पडलेले. तोंडून निघालं ते भलतंच. "जरा विचार करू आपण. घाई नको."

"रांगेत उभं राहावं लागेल बाई," शास्त्रीबुवा पुटपुटला. "सारथ्याचं नाव आधी सांगायचं असतं. नियम आहे."

"मला कळलंय," भाची म्हणाली.

शास्त्रीबुवाने लॅपटॉप मिटला.

"मला कळलंय, आणि ह्यालाही कळलंय, आणि हिला तर कधीचंच कळलंय. आणि सगळे खाली बघताय." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "घरी पण हेच असायचं. मी अंथरुणात, आणि आई-बाबा दाराबाहेर हळू आवाजात. मी आले की गप्प. मला वाटायचं, एवढं काय वाईट झालंय माझं, की कुणी तोंडावर बोलतसुद्धा नाही?"

"तसं नाही गं," बाई म्हणाल्या.

"मग चाचणी का नाही घेतली?"

टेस्टरने हातातला पाना खाली ठेवला. "माझं काही नाही हां," ती भाचीला म्हणाली. "तू चालव. खरंच."

"तू गप्प बस," भाची म्हणाली. "तुला नाही विचारलं." मग ती बाईंकडे वळली. वर्षभर शाळेत पाळलेलं तिने मोडलं. "मावशी, तू सांग. हळू आवाजात नको."

रांगेशी उभा असलेला पंच हात करून बोलावत होता. बाईंनी भाचीच्या बुटांकडे पाहिलं. नाड्या दुहेरी गाठीने बांधलेल्या होत्या, सैल होऊ नयेत म्हणून पोरीने सकाळी दाराशी बसून बांधलेल्या. समजावणीची दोन-तीन वाक्यं बाईंच्या जिभेवर आली. तुझा दोष नाही, हात तुझाच चांगला आहे, पुढच्या वर्षी बघू. ती त्यांनी गिळली.

टेबलावरचा रिमोट उचलून त्यांनी टेस्टरच्या हातात दिला आणि मान वर करून भाचीच्या डोळ्यांत बघत, मागच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "टेस्टर चालवेल. तू नाही."