टोपलीत उतरवलेला फोन

अहो, जरा वर बघा! चौथ्या मजल्याच्या कठड्याला दोरीने टांगलेली मी टोपली बोलतेय.

इजिप्तमधल्या फय्यूमच्या एका म्हातारीने मला खजुरीच्या पात्यांतून विणलं. विणताना ती सुनेला शिव्या घालत होती, म्हणून वीण घट्ट बसली. मग मी अलेक्झांड्रियात आले, करीमानच्या आईकडे. मला खाली सोडायचं, खालच्या भाजीवाल्या शहाताकाकांनी गाडीवरची भाजी घालायची, वर ओढून घ्यायचं. एकदा मी जिवंत टर्की वर आणली. तिने प्रत्येक मजल्यावर डोकावून काय शिजतंय ते बघितलं आणि तिसऱ्यावर मुक्कामच ठोकणार होती. खोटं वाटतं? तिलाच विचारलं असतं, पण तिचं सूप झालं.

आई गेली आणि मी करीमानची झाले. ती खासगी इस्पितळात रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी येते, माझ्यातून भाकरी-काकडी वर घेते, खाते आणि झोपते. म्हणजे झोपायला बघते. कारण दहा वाजले की मुख्य नर्स मादाम सुहैर यांचा फोन.

"जागीच आहेस ना? थर्मामीटर कुठे ठेवलास?"

अकराला पुन्हा. "झोपली नव्हतीस ना ग? कपाटाची किल्ली?"

करीमान दर वेळी "हो मादाम" म्हणायची. कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं आणि शिफारस मादामची लागायची.

एके दिवशी मादामनी सहा नंबरच्या रोग्याचा डोस विचारला. हिने झोपेत नऊ नंबरचा सांगितला. दिवसपाळीच्या पोरीने कागद ताडून बघितला, म्हणून निभावलं. ते कळल्यावर करीमान माझी दोरी धरून उभी राहिली. 

दुसऱ्या दिवशी तिने फोन माझ्यात ठेवला आणि मला खाली सोडलं.

"काका, याच्यावर लक्ष ठेवा. बंद केला तरी माझा हात जातोच त्याच्याकडे."

दहाला पोटातला फोन वाजला आणि मी गुणगुणायला लागले. अकरा वेळा! शेवटी काकांनी फोन उचलला.

"बोला बाई."

"कोण बोलतंय? करीमानला उठवा. किल्ली सापडत नाहीये."

"किल्ली माझ्या गाडीवर नाही. काकड्या आहेत."

"अहो, मी तिची वरिष्ठ आहे!"

"देव तुम्हाला आणखी वर नेवो. कोणी मरतंय का?"

"नाही."

"मग झोपू दे पोरीला." आणि ठेवला.

दुपारी मला वर ओढताना करीमानला काकांनी खालूनच सगळं ओरडून सांगितलं. तिचा चेहरा उतरला. काकाही वरमले. "कंत्राटाचं वाटोळं केलं का ग मी?"

 तिने मला मांडीवर घेतलं आणि स्वतःच फोन लावला.

"मादाम, काकांचा आवाज चढला, त्याची माफी. पण म्हणणं माझंच आहे. सकाळी पाळी देताना मी अर्धा तास थांबेन, सगळं लिहून देईन. घरी गेल्यावर मला फोन करू नका. परवा मी झोपेत चुकीचा डोस सांगितला. पुढच्या वेळी कोणी कागद बघितला नाही तर?"

 पलीकडून थकलेला आवाज आला, "मालक माझ्या डोक्यावर बसतात ग, आणि मी तुझ्या. कंत्राटाचं बघू."

ते 'बघू' महिनाभर घरात टांगलेलं होतं, माझ्यासारखंच. पण रोज सकाळी वहीत सगळं लिहून दिलं जाई आणि रोज दहाला फोन माझ्यात उतरे. महिनाअखेर कंत्राट आलं. सही मादामचीच.

आता माझा कान तुटलाय, सलाईनच्या नळीने बांधलाय. काल फोन एकदाच वाजला. काकांचा हात पोचायच्या आत मादामनी आपणच कापला.

रात्रभर जागलेल्या माणसाला फोन लावायचा असेल, तर तुम्हीही तेवढं करा. वर पडदे ओढलेत. मी हलतसुद्धा नाहीये.