तारीख न टाकलेला अर्ज

"इंटरनेटची नवीन लाईन आठ दिवस नीट चालू द्या, मगच जुनी बंद करायची," असं अंकितानं घरात सगळ्यांना बजावलं होतं. सासऱ्यांना, म्हणजे बंडूजींना, तर दोनदा.

देवळीच्या कडेला बंडूजींचं घर. मागच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. घरात ते, बायको कुंताबाई, वर्ध्याला क्लार्क असलेला मुलगा पीयूष आणि सून अंकिता. अंकिता दोन वर्षांपासून घरूनच, पुण्याच्या एका शिकवणी कंपनीसाठी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायची. तिनं हे काम धरलं तेव्हा बंडूजी जेवता जेवता म्हणाले होते, "घरच्या सुनेनं अनोळखी लोकाइले टीव्हीवानी दिसत राह्याचं, हे मले काही पटत नाई." पुढे त्यांनाही त्याची सवय झाली. संध्याकाळी ओसरीत बसून ते आतून येणारे अपूर्णांक ऐकायचे, कधी मनातल्या मनात सोडवूनही पाहायचे. पण ते वाक्य काही त्यांनी मागे घेतलं नाही.

जुनी लाईन गावातल्याच अनुपची होती. वारा सुटला की खांबावरची तार हलायची आणि शिकवता शिकवता अंकिताचा चेहरा मुलांच्या पडद्यावर थिजायचा. म्हणून नव्या कंपनीकडे अर्ज केला. त्यांची माणसं तार ओढून, भिंतीवर पांढरा डबा ठोकून गेली. चालू व्हायला तीन-चार दिवस लागतील म्हणाली. त्याच आठवड्यात बुधवारी अकरा वाजता अंकिताला पुण्याच्या तीन वरिष्ठांसमोर एक धडा घेऊन दाखवायचा होता. तो त्यांना आवडला तर नोकरी कायमची होणार होती, तीही घरी बसून.

सोमवारी बाजारात सांभाराच्या जुड्या देऊन परत येताना बंडूजी अनुपच्या दुकानापुढे थांबले. अनुपचे वडील त्यांचे दोस्त होते. दुसऱ्याची तार घरात गेलेली पोराला खांबावर दिसणारच, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

"अनुप, आमी दुसरी लाईन घेऊन राह्यलो बाबू. राग नोको मानजो."

"राग कायचा, काका," अनुप म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढला. "इथं सही करा. बंदची तारीख कोणती टाकू?"

बंडूजींना त्या दुकानात आणखी एक मिनिटही थांबवेना. "टाक तुह्या मनानं," म्हणत त्यांनी सही केली आणि सायकल काढली. घरी कोणाला सांगितलं नाही. विचारलंही कोणी नाही.

बुधवारी ते ओसरीत दोरी वळत बसले होते. नवी लाईन अजून चालू व्हायची होती. सव्वादहाला समोरच्या भिंतीवरच्या जुन्या डब्यातला हिरवा दिवा लाल झाला. अंकिता आतल्या खोलीत वहीतली उदाहरणं पुन्हा पुन्हा पाहत होती. लॅपटॉप अजून बंद होता.

त्यांनी पिन काढून परत लावली. दिवा लालच. अंगणात जाऊन त्यांनी अनुपला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. आत जाऊन सांगावं म्हणून ते दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले. पण सांगायचं म्हणजे सोमवारचं सगळं सांगावं लागणार. येईल आता, येईल आता, असं म्हणत ते पुन्हा दोरी घेऊन बसले.

पावणेअकराला अंकितानं लॅपटॉप उघडला.

"मामाजी, नेट गेलं का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"आत्ताच गेलं वाटते," बंडूजी म्हणाले.

अंकितानं अनुपला फोन लावला, तेव्हा त्यानं उचलला. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनीच ऐकलं. "ताई, काकांनीच तं सोमवारी अर्ज देला. सकाळी पोट्टा लाईन काढून आला. परत जोडाले दोन तास तरी लागतीन."

अंकितानं बंडूजींकडे पाहिलं. कुंताबाईंनीही पाहिलं. मग अंकिता लॅपटॉप उचलून गच्चीवर पळाली, कारण मोबाईलला थोडी रेंज यायची ती तिथेच. उन्हात पडद्यावर काही दिसेना. आवाज तुटत होता. खालून बंडूजींना ऐकू येत होतं, "सर, माझा आवाज येतोय का? सर?" तिसऱ्यांदा कॉल तुटल्यावर पुण्याहून निरोप आला, नंतर कळवतो. बराच वेळ ती टाकीच्या सावलीत बसून राहिली.

दुपारी अनुप स्वतः येऊन लाईन जोडून गेला. पुढच्या आठवड्यात मेल आला. जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली होती.

अंकिता रडली नाही, भांडली नाही. पीयूषनं मात्र एकदा वडिलांना विहिरीपाशी गाठलं. "बाबा, तुमी मुद्दाम तं नाई केलं?"

"तुले असं वाटते?"

पीयूष बादली उचलून घराकडे निघून गेला.

दोन महिन्यांनी पुण्याचं तात्पुरतं काम सोडून अंकितानं वर्ध्याच्या एका शाळेत नोकरी धरली. सकाळी सातच्या बसनं जायची, संध्याकाळी दमून यायची. नवी लाईन उत्तम चालत होती. तिच्यावर कुंताबाई भजनं ऐकायच्या.

एका रविवारी अंकिता मेथीच्या जुड्या बांधायला बंडूजींजवळ येऊन बसली. त्यांना राहवलं नाही.

"अंकिता, म्या ते मुद्दाम नोतं केलं."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "हे काहीबाही बोलत होते, तं मी यांच्याशी भांडली. म्हटलं, मामाजी एक वेळ चुकतीन, पण असं करणार नाई."

बंडूजींना भरून आलं. इथं थांबले असते तर निभलं असतं. पण मन मोकळं करायची ओढ त्यांना आवरली नाही. "एक सांगाचं राह्यलं. दिवा सव्वादहालेच लाल झालता. म्या पाह्यलं होतं. भेवानं सांगतलं नाई."

अंकिताचे हात थांबले. "सव्वादहाले?"

"हाव."

"स्टँडजवळच्या सुमित्राबाईच्या घरी लाईन आहे. पायी अर्ध्या तासात पोचली असती मी." तिनं जुडीला दोरा गुंडाळला. "तुमी आत्ताच गेलं म्हटलं होतं, मामाजी."

तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली, बाकीच्याही बांधल्या आणि हात धुवायला निघून गेली.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं बंडूजींना वाटलं होतं. अर्ज तिनं कधीच माफ केला होता, त्यासाठी नवऱ्याशी भांडली होती. तो अर्धा तास तिला माहीतच नव्हता. तो त्यांनी स्वतः तिच्या हातात नेऊन दिला.

अंकिता अजूनही त्यांना वेळेवर चहा देते, गोळ्यांची आठवण करते, बोलण्यात कुठे कमी-जास्त नाही. फक्त घरातलं काही विचारायचं असलं, गॅस कधी येणार, प्लंबर येऊन गेला का, तर ती कुंताबाईंना विचारते. बंडूजी समोर बसलेले असले तरी.