पोट साफ

ज्योत्स्नाचं पोट संध्याकाळपर्यंत नगाऱ्यासारखं ताणलं जायचं. सकाळी साडी नीट बसायची, दुपारची भाजी-भाकरी पोटात गेली की निऱ्या सुटायला लागायच्या. पंचवटीतल्या त्या बोळात कुणाच्या पोटात काय आहे याची खबर पोटाच्या मालकिणीआधी दुसऱ्यांना लागते. इथं ती आधी सासूबाईंना, मालनबाईंना लागली.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. आपल्या इगतपुरीच्या बहिणीनं मुलासाठी, हर्षलसाठी, दुसरी मुलगी बघून ठेवलीय, हे मालनबाई सुनेला नेमकं ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात बोलत. त्या बोलण्याला एकाएकी खीळ बसली. तिच्या हातातली बादली त्या काढून घेऊ लागल्या. पानात हरभऱ्याची उसळ, वर पेलाभर दूध. आणि गोड बोलणं, ज्याची ज्योत्स्नाला मुळी सवयच नव्हती.

तिनं घरच्या घरी तपासणी केली होती; पट्टीवर एकच रेघ. तसं काही नाही, असं ती सांगायला गेली, तर मालनबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिसरा महिना सरेपर्यंत हा विषय उच्चारायचा नाही, दृष्ट लागते, ही त्यांची रीत. जे बोलायचंच नाही ते नाकारायचं तरी कसं? बाईमाणसाला गप्प बसवायला रीतीइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला गोड पाणी पाजून पिशवीत श्वास फुंकायला लावला आणि सांगितलं, लहान आतड्यात जंतू नको तितके वाढलेत. खाल्लेल्यावर तेच ताव मारतात आणि गॅस करतात. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा. दूध, कडधान्यं काही दिवस बंद. म्हणजे सासूबाईंची सगळी माया जंतूंच्याच मुखी पडत होती.

तिनं हर्षलला हे सगळं सांगितलं. तो अंबडहून कारखान्यातली पाळी संपवून आला होता. म्हणाला, गोळ्या घे, पण आईला एवढ्यात काही सांगू नकोस, चार दिवस खूश आहे बिचारी. खरं सांगायचं तर ज्योत्स्नालाही ते चार दिवस हवेच होते. गोळ्या तिनं पिठाच्या डब्यामागे सारल्या.

गोळ्या लागू पडल्या. पोट उतरू लागलं, आणि जितकं हलकं वाटे तितकी तिला भीती वाटे. पदर पुढे ओढून ती घरात वावरायची. मालनबाईंची नजर त्या पदरावरून हलत नव्हती. एक दिवस त्यांनी हरभरे भिजत घातलेच नाहीत.

रविवारी ज्योत्स्ना गच्चीवर कपडे वाळत घालत होती. घरात राहिलेला तिचा मोबाइल वाजला तो मालनबाईंनी उचलला. औषधाच्या दुकानातून फोन होता. दुकानदार भला माणूस. त्यानं सांगितलं, उरलेल्या गोळ्या आल्यात, सूनबाईंना पाठवा. कोर्स पुरा झाला की पोट अगदी साफ, आत काही उरायचं नाही. मालनबाई ज्या खेड्यात वाढल्या तिथं ‘साफ करून आली’ असं एकाच गोष्टीला म्हणत, आणि तेही दार लावून.

ज्योत्स्ना खाली आली तेव्हा सगळे डबे उघडे होते. गोळ्यांचं रिकामं पाकीट ओट्यावर पडलं होतं. हर्षल नुकताच बाहेरून आला होता.

“साफ करून टाकलंस?” मालनबाईंनी विचारलं.

“आई, बाळ नव्हतंच. जंतू होते पोटात. नुसता गॅस होता.”

“माझा नातू तुला जंतू वाटला व्हय?”

त्या रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. त्याचीच ज्योत्स्नाला धडकी भरली. तिनं हर्षलकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. त्याचं एक वाक्य पुरे होतं.

मालनबाईही त्याच्याकडे वळल्या. “तुला ठाव व्हतं का रं हे?”

हर्षल वाकून चपला काढत होता.

“नाही,” तो म्हणाला.